खाट मागितल्याची वेळ : प्रस्तावना

सरकारी रुग्णालयात नोंदवह्यांना तोटा नसतो. अपघात विभागाची वही, दाखल रुग्णांची वही, पोलीस केसची वही, वॉर्डातल्या सिस्टरांचे रिपोर्ट बुक, शस्त्रक्रियागृहाची वही आणि शेवटी मृत्यूची वही. रुग्ण दारात किती वाजता आला आणि किती वाजता दगावला, या दोन्ही वेळा मिनिटापर्यंत सापडतात. मधली एक वेळ मात्र बहुतेक ठिकाणी सापडत नाही. रात्री वॉर्डातला निवासी डॉक्टर आयसीयूला फोन करून ‘बेड आहे का’ असे विचारतो, ती वेळ. उत्तर ‘आहे’ असे आले तर रुग्णाचे नाव आयसीयूच्या वहीत चढते. ‘नाही’ आले तर तो फोन झाला होता याचा पुरावाही उरत नाही.

हे पुस्तक त्या फोननंतरच्या तासांविषयी आहे. सार्वजनिक रुग्णालयांत अतिदक्षता विभागाची खाट मिळणे, उशिरा मिळणे किंवा न मिळणे याचा रुग्णाच्या जगण्या-मरण्याशी काय संबंध असतो, हा त्याचा विषय. वरवर पाहता प्रश्न सोपा वाटतो: खाटा कमी आहेत म्हणून माणसे मरतात, खाटा वाढवा. त्यात खोटे काही नाही, पण ते अपुरे आहे. किती खाटा कमी आहेत, खाट म्हणजे नेमके काय मोजायचे आणि त्या नसल्यामुळे किती जण दगावले, यांतल्या एकाही प्रश्नाला आपल्या व्यवस्थेकडे नोंदींवर आधारलेले उत्तर नाही. उत्तर नसल्यामुळे चर्चा दर वेळी एखाद्या भयंकर बातमीपासून सुरू होते आणि त्याच बातमीपाशी संपते.

२०२३ साली असे दोनदा घडले. ऑगस्टमध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरच्या दरम्यान नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात बालके होती. पुढच्या दिवसाचे मृत्यू मिळवल्यावर आकडा ३१ वर गेला. मग छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’ या शासकीय रुग्णालयातले आणि नागपूरच्या ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले मृत्यूही मोजले जाऊ लागले. चौकशी समित्या नेमल्या गेल्या, मंत्र्यांचे दौरे झाले. नांदेडला तर एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांकडून स्वच्छतागृह साफ करून घेतले आणि त्याची चित्रफीत राज्यभर फिरली.

प्रशासनाने दिलेली कारणे दोन्ही ठिकाणी साधारण सारखी होती. रुग्ण अत्यवस्थ होऊन आले. काहींना खासगी रुग्णालयांनी शेवटच्या टप्प्यावर पाठवले. मंजूर क्षमतेपेक्षा किती तरी अधिक रुग्ण दाखल होते. आजूबाजूच्या मोठ्या टापूत असे दुसरे रुग्णालय नाही. कळव्यावर ताण येण्याचे आणखी एक कारण होते. ठाण्याचे जुने सिव्हिल रुग्णालय नव्या इमारतीसाठी हलवलेले असल्याने तिथले बरेच रुग्ण कळव्याकडे वळत होते. यातले कुठलेच कारण बनावट नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने नांदेडच्या घटनेची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा डॉक्टरांच्या मंजूर ९७ पदांपैकी फक्त ४९ भरलेली असल्याचे सुनावणीत पुढे आले. रुग्णांचा भार जास्त आहे एवढे सांगून सरकारला जबाबदारी झटकता येणार नाही, असा न्यायालयाचा सूर होता.

या सगळ्यात एक साधा प्रश्न मागे पडला. एवढ्या मोठ्या रुग्णालयात, जिथे आसपासच्या जिल्ह्यांतून अत्यवस्थ रुग्ण येतात, तिथे एरवी रोज किती मृत्यू होतात? त्यांतले किती जण आयसीयूत गेले होते, किती जण आयसीयूची वाट पाहत जनरल वॉर्डात दगावले आणि किती जण कुठेही असते तरी वाचले नसते? हे तीन गट वेगळे करता येत नाहीत, तोवर २४ हा आकडा संताप व्यक्त करायला पुरेसा आहे. उपाय ठरवायला तो उपयोगाचा नाही.

मोजणीचा हा दुष्काळ एका जिल्ह्यापुरता नाही. एप्रिल २०२० मध्ये, करोनाची पहिली लाट चढत असताना, सीडीडीईपी या संशोधन संस्थेने आणि प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी भारतातल्या खाटांचा अंदाज प्रसिद्ध केला. देशात सुमारे १९ लाख खाटा, त्यांपैकी ९५ हजार अतिदक्षता खाटा आणि ४८ हजार व्हेंटिलेटर. त्या काळात हे आकडे प्रत्येक वाहिनीवर, प्रत्येक अग्रलेखात आले. ते कसे काढले होते, याकडे फारसे कुणी पाहिले नाही. एकूण खाटांपैकी ५ टक्के खाटा अतिदक्षतेच्या असतील आणि त्यांतल्या निम्म्यांना व्हेंटिलेटर असेल, असे संशोधकांनी गृहीत धरले होते आणि तसे स्पष्ट लिहिलेही होते. त्यात त्यांचा दोष नव्हता. १३० कोटींहून अधिक लोकांच्या देशात आयसीयूची खाटवार मोजदाद हाताशी नव्हती, म्हणून त्यांना गुणाकार करावा लागला. महासाथीच्या तोंडावर सारा देश एका गृहीतकाकडे वस्तुस्थिती म्हणून पाहत होता.

पण समजा, उद्या कुणी प्रत्येक रुग्णालयात जाऊन खाटा मोजल्या. तरी नेमके काय मोजणार? याचे उत्तर अतिदक्षता विभागाच्या जन्मकथेतच आहे, म्हणून तिथवर जाऊन येणे भाग आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण एकामागून एक येऊ लागले. अशा पहिल्या ३१ जणांपैकी २७ जण तीन दिवसांच्या आत मरण पावले. शरीराभोवती बसवायची लोखंडी श्वासयंत्रे रुग्णालयाकडे मोजकीच होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने वेगळी वाट सुचवली: गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि रबरी फुग्याने हवा थेट फुप्फुसात भरायची. फुगा दाबायला यंत्र नव्हते. वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय शाखेचे सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि महिनोन्‌महिने हाताने श्वास देत राहिले. मृत्यूचे प्रमाण आधीच्या निम्म्यापेक्षाही खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरातल्या दुसऱ्या एका रुग्णालयात कायमचा अतिदक्षता विभाग उभा केला. जगभरचे आयसीयू त्याच कल्पनेतून वाढले.

या इतिहासातले दोन धागे आपल्या कामाचे आहेत. पहिला असा की, अतिदक्षता विभाग यंत्रांच्या आधी माणसांनी उभा केला. दुसरा असा की, श्वास देणारा तो फुगा आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतून अजून गेलेला नाही. व्हेंटिलेटर रिकामा नसला की नातेवाइकाच्या हाती अॅम्ब्यू बॅग दिली जाते. दाबायची कशी, हे सिस्टर एकदा दाखवतात आणि मग रात्रभर आई, भाऊ, शेजारी आळीपाळीने ती दाबत राहतात. सप्टेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या मेडिकलमध्ये एका मुलीला तिच्या आईवडिलांनी असाच श्वास दिला आणि ती वाचली नाही, तेव्हा त्याची बातमी झाली. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांच्या मागे भूलतज्ज्ञांची देखरेख, ठरलेल्या पाळ्या आणि रक्ताच्या तपासण्या होत्या. आपल्याकडच्या आईवडिलांच्या मागे यातले बहुधा काहीच नसते.

भारतातही हे शास्त्र सरकारी रुग्णालयांना परके नव्हते. मुंबईच्या जेजे रुग्णालयात डॉ. फारोख उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या रुग्णांवर अतिदक्षता उपचार केले आणि १५० रुग्णांचा अनुभव १९८७ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात मांडला. धनुर्वात हा गरिबाचा रोग: शेतात, रस्त्यावर झालेल्या जखमेतून आलेला. सार्वजनिक रुग्णालयातली नीट चालवलेली अतिदक्षता गरीब माणसाला मरणाच्या दारातून परत आणू शकते, हे महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिले आहे. तेव्हा प्रश्न ज्ञानाचा नाही.

मग खाट कशाने बनते? हिशेब करून पाहू. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असे अतिदक्षता तज्ज्ञांचे मानक सांगते. दिवसाच्या तीन पाळ्या म्हणजे आठवड्याच्या २१. एक परिचारिका आठवड्याला सहा पाळ्या करते. म्हणजे एका खाटेला साडेतीन जणी हव्यात. रजा, आजारपण, बाळंतपण आणि प्रशिक्षण धरले की ही संख्या साडेचार ते पाचवर जाते. दहा खाटांच्या आयसीयूला, सगळे रुग्ण व्हेंटिलेटरवर असतील तर, पन्नासच्या आसपास परिचारिका लागतील. शिवाय चोवीस तास हजर डॉक्टर, रक्तातील वायूंची तपासणी करणारे यंत्र आणि त्याला लागणारी रसायने, तंत्रज्ञ, सफाई करणाऱ्या मावशी आणि मामा. पंगतीत पाने मांडली म्हणून जेवण होत नाही, वाढपी लागतात. आपल्याकडे उद्घाटने मात्र पानांची होतात. फीत कापली जाते तेव्हा दहा खाटा दिसतात. रात्री दोन वाजता त्याच दहा खाटांवर दोन सिस्टर असतील, तर कागदावर आयसीयू असलेली ती खोली प्रत्यक्षात यंत्रे असलेला जनरल वॉर्डच असते.

यंत्रांचीही तीच कथा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत पीएम केअर्स निधीतून मराठवाड्यात व्हेंटिलेटर आले. घाटीकडे आलेल्यांपैकी शंभराहून अधिक सदोष निघाल्याची तक्रार मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर गेली. केंद्राच्या बाजूने हाताळणाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडे बोट दाखवले गेले, न्यायालयाने ते मानले नाही. दोष कुणाचाही असो, यादीत ती यंत्रे ‘उपलब्ध’ होती आणि रुग्णाच्या उपयोगाची नव्हती.

भिंतीतल्या नळ्या आणि तारा हा खाटेचा आणखी एक अदृश्य भाग. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब पडला आणि २२ रुग्ण दगावले. पुढच्या महिन्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पहाटे दोन ते सहा या वेळात रुग्ण दगावत असल्याचे लक्षात आले. ११ मे रोजी एकाच पहाटे २६ मृत्यू झाल्याचे आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. सिलिंडरांच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने आणून जोडताना पुरवठ्यात खंड पडतो, अशी अडचण तिथल्या सुनावणीत मांडली गेली. वरच्या मजल्यावर जगातली उत्तम औषधे आणि खाली आवारात ट्रॅक्टर वळवण्याची धडपड. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, ९ जानेवारीच्या पहाटे, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बाळे गेली होती. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या सिव्हिलमध्ये करोना रुग्णांच्या आयसीयूला आग लागली, ११ जण मरण पावले. या चारही ठिकाणी खाट मिळालेली होती. ज्यांना खाट मिळाली त्यांना खाटेनेच दगा दिला.

ज्यांना खाट मिळतच नाही, त्यांच्याविषयीचे ज्ञान मिळवणे अवघड आहे, कारण ते कुणाच्याच यादीत नसतात. तरी जगात काही ठिकाणी ही वाट चोखाळली गेली आहे. ब्राझीलमधल्या लोंद्रिना या शहरातल्या विद्यापीठ रुग्णालयाचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्याला फार जवळचा वाटावा असा आहे. डॉक्टरांनी ज्यांना आयसीयू हवा असे ठरवले, अशा सुमारे ४०० रुग्णांची त्यांनी नोंद ठेवली. त्यांपैकी जेमतेम ३१ टक्क्यांना लगेच खाट मिळाली. उरलेल्यांना थांबावे लागले. थांबण्याच्या प्रत्येक तासामागे आयसीयूत मरण्याची जोखीम दीड टक्क्याने वाढल्याचे त्यांना दिसले. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. थांबण्याचे तास वाढत जातात तसा तो साठत जातो. अमेरिकेतल्या २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात तातडीच्या विभागात सहा तासांपेक्षा जास्त अडकून पडलेल्या रुग्णांचे आयसीयूतले मृत्यूचे प्रमाण १०.७ टक्के आढळले. वेळेत पोहोचलेल्यांचे ८.४ टक्के होते. यामागे गूढ काही नाही. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला औषध तासातासाला जुळवून द्यावे लागते. साठ रुग्णांच्या वॉर्डात दोन सिस्टर ते करू शकत नाहीत.

लोंद्रिनाचा अभ्यास शक्य झाला तो महागड्या यंत्रामुळे नव्हे. त्यांनी खाट मागितल्याची वेळ आणि मिळाल्याची वेळ लिहिली, एवढेच.

वाट पाहणे नेहमी खाटांच्या संख्येवरच ठरते, असेही नाही. दहा खाटांच्या विभागात रुग्ण सरासरी पाच दिवस राहत असेल, तर रोज दोन खाटा मोकळ्या होतात. रोज दोनच रुग्ण येत असले तरी ते ठरवून येत नाहीत. एके रात्री पाच येतात, दुसऱ्या दिवशी एकही नाही. विभाग कायम भरलेला असेल तर त्या पाचांतल्या तिघांना जागा नसते. आता राहण्याचा काळ पाचावरून चार दिवसांवर आला, तर रोज अडीच खाटा मोकळ्या होतात. एकही नवी खाट न घेता क्षमता चौथाईने वाढली. हे साधते ते बरा होऊ लागलेला रुग्ण वेळेवर बाहेर हलवल्याने. पण बाहेर कुठे हलवणार? वॉर्डात ऑक्सिजनची खात्रीची सोय नाही आणि मधल्या पातळीचा एचडीयू नाही, म्हणून डॉक्टर रुग्णाला आयसीयूतच ठेवतात. जनरल वॉर्ड कमकुवत असला की आयसीयू तुंबतो. म्हणून या पुस्तकात आयसीयूवरच्या लेखांशेजारी वॉर्डावरचे लेख दिसले, तर वाचकाने गोंधळू नये.

मृत्यूचे आकडे वाचण्याची पद्धतही इथे सांगून ठेवायला हवी, कारण त्यांचा गैरवापर फार सोपा आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. जिगीषु दिवाटिया यांच्या पुढाकाराने देशभरातल्या १२४ आयसीयूंचा आणि ४,२०९ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात आयसीयूतील मृत्यूचे प्रमाण १८.१ टक्के निघाले. हा आकडा हाती घेऊन एखाद्या शासकीय रुग्णालयाला झोडपणे चुकीचे ठरेल. त्या रुग्णालयाकडे कोण येते, हे आधी पाहावे लागते. ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्ह्याला, तिथून सिव्हिलला, तिथून मेडिकलला असा रेफरचा कागद हाती घेऊन फिरलेला रुग्ण येतो. सर्पदंशाचा, विषबाधेचा, बाळंतपणात रक्त गेलेला येतो. खासगीत आठवडाभर राहून, शेत गहाण पडल्यावर हलवलेला येतो. हे रुग्ण नाकारायचा अधिकार सरकारी रुग्णालयाला नाही आणि नसावा. साहजिकच तिथले मृत्यूचे प्रमाण जास्त असणार.

उलट बाजूही तितकीच खरी. मृत्यूचे प्रमाण कमी दाखवण्याचे मार्ग आहेत. अत्यवस्थ रुग्णाला दारातूनच पुढे पाठवले, तर तो आपल्या खाती मरत नाही. नातेवाइकांकडून ‘आमच्या मर्जीने घरी नेत आहोत’ अशी सही घेतली, तर मृत्यू घरी होतो. आयसीयूची खाट न मिळता वॉर्डात गेलेल्याचा मृत्यू आयसीयूच्या आकड्यात येत नाही; गर्दी जितकी जास्त, तितका आयसीयूचा स्वतःचा आकडा विनासायास स्वच्छ राहतो. आणि मृत्यूच्या दाखल्यावर आजाराचे नाव लिहायची जागा असते. खाट मिळाली नाही, हे लिहायची जागा नसते. म्हणून कळव्याच्या किंवा नांदेडच्या आकड्यावर ‘रुग्ण आधीच अत्यवस्थ होते’ हे उत्तर जितके खरे, तितकेच निरुपयोगी आहे. अत्यवस्थ असणे ही आयसीयूत जाण्याची अटच आहे. ते अत्यवस्थ कुठे झाले, किती तास झाले आणि मधल्या तासांत त्यांच्याकडे कोण पाहत होते, हे सांगा.

त्या मधल्या तासांचा भूगोल फार विषम आहे. राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून, सुरुवातीला ९३७ गाड्यांसह धावू लागली. गाडी रुग्णाला उचलते, पण कुठल्या दारात खाट रिकामी आहे, हे चालकाला आणि सोबतच्या डॉक्टरला फोनाफोनी करूनच कळते. महाराष्ट्रात तर मालकच तीन आहेत. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाची, वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाची आणि शहरांतली मोठी रुग्णालये महापालिकांची. रुग्ण एकच असतो, त्याच्या वाटेतल्या फाइली वेगवेगळ्या मंत्रालयीन मजल्यांवर जातात. २०२१ मध्ये केंद्राने आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियान जाहीर केले, त्यात पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या जिल्ह्यांत अतिदक्षता इमारती बांधायची तरतूद आहे. बांधकामाला पैसा येतो, निविदा निघतात, इमारती उभ्या राहतात. त्यांच्यात काम करणाऱ्यांची पदे राज्याच्या आस्थापना खर्चातून भरायची असतात, आणि गाडे तिथे अडते.

खाट एक आणि मागणारे तीन असतील, तर ती कुणाला द्यायची, हा प्रश्न पुस्तकातल्या एका संपूर्ण विभागाचा आहे. प्रत्यक्षात हा निर्णय बहुधा पंचविशीतला एखादा निवासी डॉक्टर रात्री एकट्याने घेतो. त्याच्या मदतीला लिखित नियम नसतो. त्याच्या फोनवर मात्र नगरसेवकाचा, आमदाराच्या स्वीय सहायकाचा किंवा ओळखीच्या अधिकाऱ्याचा निरोप येतो. वशिल्याला वाईट म्हणणे सोपे आहे, पण नियम नसेल तिथे वशिलाच नियम बनतो. आयसीयूत कुणाला घ्यावे, कुणाला हलवावे, याविषयी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने २४ तज्ज्ञांनी तयार केलेल्या मार्गदर्शक सूचना जानेवारी २०२४ मध्ये पुढे आणल्या. ज्यांना उपचारांचा उपयोग होणार नाही किंवा ज्यांनी स्वतःच नकार दिला आहे, त्यांना आयसीयूत ठेवू नये, असे त्या सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेली आणि जानेवारी २०२३ मध्ये सोपी केलेली आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राची सोय याच्याशीच जोडलेली आहे. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी असे इच्छापत्र स्वतः नोंदवून त्याची सुरुवात केली. मात्र ‘उपयोग नाही’ हा शिक्का गरिबावर लवकर आणि श्रीमंतावर उशिरा मारला जाऊ शकतो, ही भीती खोटी नाही. निर्णय कुणी, कधी, कशाच्या आधारे घेतला हे लिहिलेले असणे, हाच त्यावरचा उतारा.

शेवटी कायद्याकडे. जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला गंभीर मार लागला. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून कोलकात्याच्या मोठमोठ्या सरकारी रुग्णालयांपर्यंत त्याला नेले गेले. कुठे खाट नव्हती, कुठे सोय नव्हती. अखेर त्याने खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून उपचार घेतले. पश्चिम बंग खेत मजदूर समितीने दाखल केलेल्या या प्रकरणात मे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: तातडीचे उपचार सरकारी रुग्णालयात न मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची चणचण ही सबब चालणार नाही. त्या निकालातली एक सूचना आज पुन्हा वाचण्यासारखी आहे. खाट जिथे उपलब्ध असेल तिथे रुग्णाला लगेच पाठवता यावे, यासाठी राज्य पातळीवर मध्यवर्ती संपर्क यंत्रणा उभारावी, असे न्यायालयाने तेव्हाच सांगितले होते.

हे अशक्य नाही, याचा पुरावा मुंबईत आहे. २०२० मध्ये करोनाच्या साथीत महापालिकेने २४ विभागांत वॉर रूम उघडल्या, खासगी रुग्णालयांतल्या खाटाही राज्याच्या आदेशाने मोठ्या प्रमाणात ताब्यात आल्या आणि कुठल्या रुग्णाला कुठली खाट द्यायची, हे एका ठिकाणाहून ठरू लागले. त्यात त्रुटी होत्या, गैरप्रकारांच्या तक्रारीही झाल्या. पण रुग्णाच्या मुलाने रिक्षातून पाच रुग्णालये पालथी घालायची, की खाट शोधण्याचे काम व्यवस्थेने करायचे, यातला फरक लाखो मुंबईकरांनी अनुभवला. साथ ओसरली आणि ती यंत्रणा गुंडाळली गेली. हृदयविकार, अपघात, सर्पदंश आणि कमी वजनाची बाळे साथीबरोबर ओसरत नाहीत.

या पुस्तकातले लेख वेगवेगळ्या हातांचे आहेत आणि त्यांची मते एकमेकांशी जुळतीलच असे नाही. कुणाला आधी जिल्हा पातळीवर खाटा हव्यात, कुणाला आधी परिचारिकांची भरती, कुणाला खासगी खाटा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून खऱ्या अर्थाने खुल्या व्हायला हव्यात. हे वाद व्हायला हवेत. पण ते पुराव्यावर व्हावेत म्हणून चार रकाने पुरतात: खाट कधी मागितली, कधी मिळाली, मधल्या काळात रुग्ण कुठे होता आणि चोवीस तासांनी त्याचे काय झाले. ही माहिती दर महिन्याला, रुग्णालयवार, जाहीर व्हावी. त्याला नवे सॉफ्टवेअरही लागत नाही. रेघा मारलेली वही चालेल.

ही नोंद सुरू झाली की पहिल्या काही महिन्यांचे आकडे वाईट येतील. ज्या रुग्णालयात ते वाईट येणार नाहीत, तिथे लिहिणाऱ्यावर दबाव आहे, असे खुशाल समजावे. त्या वेळी सरकारपुढे दोन मार्ग असतील: आकडा जाहीर करणाऱ्या अधिष्ठात्याची बदली करायची, किंवा त्या आकड्यावरून किती परिचारिका, किती डॉक्टर आणि किती खाटा कमी आहेत, हे काढून पुढच्या अर्थसंकल्पात तरतूद करायची. पहिला मार्ग आपण अनेकदा चाललो आहोत. दुसऱ्यासाठी लोकप्रतिनिधींना भाग पाडायचे असेल, तर मतदारसंघातल्या रुग्णालयात गेल्या महिन्यात किती जणांना आयसीयूची खाट मिळाली नाही, हा प्रश्न त्यांना विचारणारे नागरिक लागतील. त्या प्रश्नामागची माहिती देणे, हे या पुस्तकाचे काम.